विरेश परमशेट्टीची जखम

दुधनीहून सोलापूरला एम.ए. मराठी करायला आलेला विरेश परमशेट्टी हा आमच्या वर्गातला सगळ्यात सुखी माणूस होता, आणि तीच त्याची अडचण झाली.

घरची तुरीची आडत. वडील महादेवप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते जेवायलाच उठायचे. आई चन्नम्मा घरात आलेल्या माणसाला 'जेवणार का' असं कधी विचारत नसे. सरळ ताट वाढायची. धाकटी बहीण शिवानी सोलापुरातच फार्मसीला होती. विरेशनं बी.कॉम. केलं, दोन वर्षं आडतीवर काढली, आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करता करता त्याला वाटलं, आपण लेखक व्हावं. महादेवप्पांनी हरकत घेतली नाही. "हो की," ते म्हणाले, "बसून करायचं काम हाय. आपल्या घराण्याला जमतंय."

मी वैजयंती, वेळापूरची. मीही त्याच वर्गात होते. आम्हाला 'सर्जनशील लेखन' नावाचा एक पेपर होता आणि तो शिकवायला अभिमन्यूसर होते. माणूस वाईट नव्हता. मुलांनी लिहिलेला कागद न् कागद वाचायचे, लाल शाईनं समास भरून टाकायचे. फक्त त्यांची एक ठाम समजूत होती. लेखकाला स्वतःचा आवाज लागतो आणि आवाज जखमेतूनच येतो. त्यांच्या स्वतःच्या कवितासंग्रहात पानागणिक निदान एक जखम होती. त्यांची खरी जखम म्हणाल तर पुण्यातल्या एका मासिकानं त्यांची कविता साभार परत केली होती. ती गोष्ट ते दर सत्रात एकदा सांगायचे आणि सांगताना खिडकीबाहेर बघायचे.

पहिल्याच महिन्यात वर्गात आवाजांची वाटणी झाली. जुळे सोलापुरात राहणारी, बँक मॅनेजरची मुलगी सृष्टी हिच्या कवितेत 'बा' यायचा, 'माय' यायची, ढेकूळ यायचं, चिपाड यायचं. घरी ती वडिलांना 'डॅडू' म्हणायची. सर म्हणाले, "हा आवाज मातीतला आहे." मी मात्र घरी हाय-न्हाय बोलणारी असून कागदावर आहे-नाही लिहायचे. सर म्हणाले, "वैजयंती, ही भाषा तुझी नाही."

मी म्हणाले, "सर, लई कष्टानं शिकलीय की."

सरांनी समासात लिहिलं, 'आत्मवंचना'.

विरेशनं पहिल्यांदा वाचला तो मायाप्पाचा किस्सा. मायाप्पा नावाचा शेतकरी तूर घेऊन लिलावाला आला. व्यापाऱ्यानं भाव पुकारला आणि नेमका तेव्हाच मायाप्पा शिंकला. व्यापाऱ्याला वाटलं, माणूस नाही म्हणतोय. त्यानं भाव पन्नासनं वाढवला. मायाप्पाच्या ही गोष्ट ध्यानात आली. पुढच्या लिलावाला तो खिशात तपकिरीची डबी घेऊनच आला. तिसऱ्या लिलावाला आवारात निम्मे शेतकरी शिंकत होते आणि व्यापारी तोंडाला रुमाल बांधून भाव पुकारत होते.

वर्ग बाकं बडवून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"हा किस्सा झाला, विरेश. साहित्य कुठंय? यात तू कुठं आहेस?"

"सर, मी काट्यापाशी. वजन करत होतो."

"तसं नव्हे. तुझी वेदना कुठं आहे? तुला काही दुखतं का?"

विरेशनं प्रामाणिकपणे विचार केला. "दाढ दुखते, सर. गार पाणी प्यालं की."

त्याला त्या पेपरात जेमतेम पास होण्याइतके गुण पडले. त्याचं त्याला फार वाईट वाटलं असं नाही, पण सर आपल्याशी तळमळीनं बोलतात आणि आपण रिकाम्या हातानं उभे राहतो, हे त्याच्या मनाला लागलं. त्या शनिवारी तो जखम शोधायला दुधनीला गेला. तिथं काय झालं ते त्यानं सोमवारी मला कँटीनमध्ये सांगितलं.

अव्वा, म्हणजे त्याची आई, चुलीपाशी बसली होती. घरात गॅस होता, पण कडक भाकरी तिला चुलीवरच्याच लागत. विरेशनं जवळ बसून हळूच विचारलं, "अव्वा, आपण कधी उपाशी राहिलो का गं?"

"राहतो की."

विरेश पुढं सरकला. "कधी?"

"श्रावण सोमवारी."

मग तो आडतीवर गेला. "अप्पा, तुम्ही मला लहानपणी कधी मारलं होतं का?"

महादेवप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "न्हाय. का? मारायला पायजे होतं का?"

"तसं नाही. लिहायला लागतंय."

"मग आता मारू का? गडी बसलेत, जरा वेळानं ये."

पोरगा उपासाचं विचारतोय म्हणजे होस्टेलात पोट भरत नाही, असा चन्नम्मानं अर्थ लावला. सोमवारी तो आला तो शेंगापोळ्यांचा डबा, शेंगाचटणीची बरणी आणि एक किलो तूप घेऊन. जखमेचा पत्ता नव्हता. ती पोळी खात खातच विरेश म्हणाला, "वैजू, माझ्याकडं नसंल तर नसंल. पण तयार करता येईल की."

आणि त्यानं तयार केली. कथा प्रथमपुरुषी होती. त्यातला बाप दारू पिऊन गटारीत पडायचा. आई पोरांची समजूत घालायला चुलीवर पातेल्यात दगड शिजवत ठेवायची आणि 'आता शिजतंय, आता शिजतंय' असं न म्हणता नुसती खोकायची. बहीण औषधावाचून क्षयानं मरायची. शेवटी मुलगा ते दगड खिशात घालून शहराकडं चालू लागायचा. मधे मधे 'भेगाळलेलं', 'करपलेलं' आणि 'ठसठसणारं' हे शब्द पेरले होते. गाव दुधनीच ठेवलं होतं, कारण सर म्हणायचे, खोटं नाव लिहिलं की आवाज चोरटा होतो.

वर्गात कथा वाचून झाली तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते विरेशजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज तू बोललास," ते म्हणाले. "इतके दिवस आम्ही तुझ्या किश्शांना हसत होतो. आम्हाला माफ कर."

विरेशनं त्यांना माफ केलं. दुसरं काय करणार?

तिथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सरांनी ती कथा एका दिवाळी अंकाला पाठवली, वर स्वतःचं चार ओळींचं टिपण जोडून: 'दुधनीच्या विरेश परमशेट्टीनं यातला शब्द न् शब्द भोगला आहे.' शेजारी विरेशचा फोटो. फोटोत तो गुबगुबीत दिसत होता म्हणून संपादकानं तो काळोखा करून छापला.

अंक दुधनीला पोचला तो हायस्कुलातल्या एका शिक्षकाच्या वर्गणीतून. तिथून तो बाजार आवारात गेला आणि मग हातोहात फिरला. आयुष्यात दारूच्या बाटलीला हात न लावलेल्या महादेवप्पांशी लोक बोलताना जरा जवळ येऊन नाक ओढायला लागले. व्यसनमुक्तीवाली दोन माणसं आडतीवर येऊन पत्रक देऊन गेली. "उशीर झाला असं समजू नका, अप्पा," असंही म्हणाली. नेहमीच्या गिऱ्हाइकांतल्या दोघांनी तूर दुसऱ्या आडतीवर घातली. पिणाऱ्या माणसाच्या काट्याचा काय भरवसा?

चन्नम्माला यातलं काही माहीत नव्हतं. तिला कळलं ते शेजारच्या बाईनं झाकलेली वाटी आणून दिली तेव्हा.

"काय हाय हे?"

"आमटी हाय, अव्वा. जास्तीची झाली होती. मनात काय आणू नका."

चन्नम्माच्या घरी आजवर बाहेरून अन्न आलं होतं ते फक्त सुतकात. तिनं वाटी घेतली, ओट्यावर ठेवली, शिवानीला फोन लावला आणि तो अंक मागवून वाचायला लावला. फोनवर ऐकताना ती मधे एकदाच बोलली. "दगड? मी?"

खरा घोटाळा शिवानीच्या लग्नाचा होता. मैंदर्गीच्या ईश्वरप्पांच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. मुलगा सोलापुरात एका औषध कंपनीत होता, दोघांचं बोलणंही जमलं होतं. ईश्वरप्पा अंक घेऊनच दुधनीला आले. भला माणूस, पण छापलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास.

"पाव्हणं," ते महादेवप्पांना म्हणाले, "पिण्याचं जाऊ द्या, ते सुटतंय. पर एक सांगा. मेलेली पोरगी कितवी?"

"कुटली मेलेली? मला एकच पोरगी. ही शिवानी."

"मंग क्षय कुणाला हाय? हिलाच?"

महादेवप्पांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या तळहाताला विभूती लागली.

विरेशला बोलावणं गेलं. तो आला, गादीसमोर उभा राहिला. तो म्हणाला, "अप्पा, ते साहित्य आहे. लेखकाचा आवाज असतो तो."

"आवाज तुजा," महादेवप्पा म्हणाले, "आन् काळं तोंड माजं?"

विरेश मैंदर्गीला खुलासा करायला गेला. पण ईश्वरप्पांनी त्यालाच उलट विचारलं, "मंग सरांनी लिवलंय ते खोटं का? शब्द न् शब्द भोगलाय म्हणून?" सरांना खोटं पाडायचं धाडस विरेशला झालं नाही. तो म्हणाला, "तसं भावनेनं भोगलाय." ईश्वरप्पांचा संशय पक्का झाला.

आणि याच सुमारास विद्यापीठात त्या कथेला विद्यार्थी-लेखनाचा पुरस्कार जाहीर झाला. सरांनी विरेशला सांगितलं, "आई-वडिलांना घेऊन ये. वडील आता... सुधारलेत ना?"

विरेशला वाटलं होतं, घरचे येणार नाहीत. पण महादेवप्पा म्हणाले, "येतो. चारचौघांत बदनामी झाली, चारचौघांतच उतरवायची." आणि त्यांनी ईश्वरप्पांनाही गाडीत घेतलं.

सभागृह भरलं होतं. मी आणि सृष्टी स्वागताला दारात होतो. बोलेरोतून चन्नम्मा उतरली. अंगावर नवी इरकल, हातात पाटल्या, गळ्यात बोरमाळ आणि चेहऱ्यावर असा भाव की मी गुलाबपाणी शिंपडायचंच विसरले. सृष्टी माझ्या कानात म्हणाली, "बिचारीनं दागिने कुणाचे आणले असतील गं?"

सर माइकवर आले. "ज्या माउलीनं लेकरांसाठी चुलीवर दगड शिजवले, ती माउली आज आपल्यात बसली आहे." सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सरांनी स्वतः खाली येऊन चन्नम्माचा हात धरला, तिला व्यासपीठावर नेलं आणि म्हणाले, "माई, दोन शब्द बोला."

चन्नम्मानं माइक असा धरला की त्याच्यातून शिट्टी वाजली.

"सुळ्ळु!" ती म्हणाली. कन्नड न येणाऱ्यांसाठी तिनं लगेच मराठीतही सांगितलं. "खोटं! समदं खोटं! कोण शिजवलं दगड? माज्या घरी स्वामी जेवायला येतात तवा गव्हाची हुग्गी दोनदा मागून घेतात. हा पोरगा जन्मला तवा नर्सबाई म्हणाली, ह्याला उचलायला दुसरी बाई बोलवा. ह्याचे अप्पा चहा बशीत वतून फुंकून पितात, त्यांना दारू कुटनं गिळंल? आन् पोरगी मेली म्हणं! ऊट गं शिवानी, दाव सगळ्यांना. बगा, हाय का न्हाय? काय कमी केलं रे तुला मी, म्हणून माज्या चुलीत दगड घातलास?"

शिवानी तिसऱ्या रांगेत उभी राहिली होती. तिनं सगळ्यांना नमस्कारही केला.  विरेश व्यासपीठावर शाल-श्रीफळ घेऊन उभा होता, आणि नारळाच्या शेंडीकडं बघत होता. मला वाटलं, संपलं. आता सर काय बोलणार?

सर पुढं आले. त्यांनी चन्नम्माच्या हातातला माइक हळूच काढून घेतला.

"मित्रहो," ते म्हणाले, "काही आघात इतके खोल असतात, की माणूस ते घडलेच नाहीत असं म्हणतो. या माउलीनं आत्ता जे नाकारलं, त्यातूनच तिनं किती सोसलं ते कळतं. आणि ती उभी राहिलेली मुलगी पाहिलीत? गेलेल्या लेकीची जागा दुसऱ्या लेकीनं भरून काढायची, हे आपलं समाजमन!"

"अहो, मीच ती!" शिवानी ओरडली. पण तिच्यापाशी माइक नव्हता आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. चन्नम्मा तोंड उघडं टाकून सरांकडं बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बोलण्याचा कुणी राग मानला नव्हता, आणि कुणी ते ऐकलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर ईश्वरप्पांनी महादेवप्पांना बाजूला घेतलं. "पाव्हणं, मंग ही दुसरी का?"

शेवटी ते एका गोष्टीवर राजी झाले: मुलीच्या छातीचा एक्स-रे दाखवा, म्हणजे शंका मिटली. महादेवप्पा खाली मान घालून हो म्हणायला निघाले होते. शिवानी मधे पडली.

"मामा, मी काढते एक्स-रे. पण तुमच्याकडचाही पाहिजे."

"आमच्याकडं कोण मेलंय?"

"कुणी लिहिलं नसेल अजून."

ईश्वरप्पा तणतणत गेले. पण चार दिवसांनी त्यांचा मुलगा स्वतःहून एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन शिवानीच्या कॉलेजवर आला. दोघांनी पाकिटं बदलली, कॉलेजच्या खिडकीच्या उजेडात एकमेकांच्या बरगड्या बघितल्या आणि हसत सुटले. तिनं होकार कायम केला तो त्या हसण्यामुळं, असं ती सांगते. लग्न अक्कलकोटला झालं. ईश्वरप्पांनी आहेरात विरेशला पेन द्यायचं ठरवलं होतं. मुलानं घड्याळ द्यायला लावलं.

विरेश मात्र त्या सभेनंतर आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. मग एका दुपारी तो ग्रंथालयाच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

"वैजू, अव्वा बोलत होती तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या कथेतल्या आईला एकही वाक्य नव्हतं. मी तिला नुसतं खोकत ठेवलं होतं."

 मला माझं आठवत होतं. माझ्या कथांतल्या वेळापूरच्या बायकाही अशा बोलायच्या की जणू सगळ्या पाठ्यपुस्तक मंडळावर नेमल्या आहेत. आहे-नाही मी सोडलं नाही, आजही सोडलेलं नाही. ते मी मिळवलेलं आहे आणि माझंच आहे. पण बायकांना मी त्यांचं त्यांचं बोलू द्यायला लागले ते त्यानंतर.

शेवटच्या सत्रात विरेशनं घडलं ते सगळं लिहायला घेतलं: दाढ, श्रावण सोमवार, आमटीची वाटी, एक्स-रे. सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पहिला खर्डा त्यानं मला वाचायला दिला, तर त्यात चन्नम्मा 'हताश नजरेनं क्षितिजाकडं' बघत होती.

"दुधनीच्या स्वयंपाकघरातून क्षितिज दिसतं का?" मी विचारलं.

"ओटा दिसतो," तो म्हणाला आणि ओळ खोडली.

असं पुष्कळ खोडलं. कुठं सरांचा आवाज निघायचा, कुठं दिवाळी अंकाचा. कुठं तो मुद्दाम विनोद करायला जायचा आणि लग्नातल्या आचाऱ्यासारखा दमून जायचा. चौथ्या-पाचव्या खर्ड्यात एक परिच्छेद असा आला की तो वाचताना मला विरेश समोर बसून बोलतोय असं वाटलं. पण तो कँटीनमधला विरेश नव्हता. कँटीनमधला विरेश लोकांना हसवून पळून जायचा. हा थांबून बघत होता, स्वतःकडंही.

वर्गात त्यानं ते वाचलं. वर्ग हसला, चन्नम्मा 'काय कमी केलं रे तुला' म्हणाली तिथं गप्प झाला. दाढेच्या ठिकाणी सरांनाही हसू फुटलं होतं. मी बघितलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

मग ते म्हणाले, "विरेश, तुझ्यात ताकद होती. तू घाबरलास. स्वतःच्या जखमेवर हसणं ही पळवाट असते."

"सर, जखम नव्हतीच."

"तेच म्हणतोय मी," सर अतिशय मायेनं म्हणाले आणि त्याला बी श्रेणी दिली. सृष्टीला सर्वोच्च श्रेणी मिळाली. तिचा संग्रह आलाय. मुखपृष्ठावर ढेकूळ आहे.

मी आता सोलापुरातच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. विरेश दुधनीला आडतीवर बसतो. महादेवप्पा त्याला आठवड्यातून दोन दिवस लिहायला सुट्टी देतात, मात्र गावातल्या कुणाबद्दल लिहिलं तर त्या माणसाला आधी दाखवायचं, या अटीवर. त्यामुळं त्याचं लिखाण फार सावकाश पुढं सरकतं आणि गावात प्रत्येकाला त्याच्या गोष्टीत यायचं असतं. मागच्या बुधवारी त्याचा फोन आला. नवरा वारल्यावर एकटीनं भुसार दुकान चालवणाऱ्या एका बाईवर तो लिहितोय. सुरुवात वाचून दाखवत होता. एका ओळीला मी हसले.

"तिथं हसायचं नव्हतं गं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. "आता ऐक," तो म्हणाला. त्यानं ती ओळ बदलली होती. मी ऐकलं आणि या वेळी हसले नाही.

"हं," तो म्हणाला, "आता पुढचं."